मोठ्या खोलीचा कॅमेरा

पाळणाघराच्या मोठ्या मावशींनी ती हार्ड डिस्क दुपट्यात गुंडाळून आणली होती. स्वच्छ धुतलेलं, बदकांच्या चित्रांचं दुपटं. डिस्कवाल्याने ते काउंटरवर उलगडलं, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "अरे वा! बाळ अगदी तुमच्यावर गेलंय."

एरवी मावशींनी त्याला जशास तसं उत्तर दिलं असतं. त्यांची जीभ काही कमी तिखट नव्हती. पण आज त्यांचं थट्टेकडे लक्ष नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हिच्यातलं सगळं परत मिळेल ना?"

"सगळं? सगळं तर देवसुद्धा देत नाही, मावशी. आधी काय झालं ते सांगा."

काय झालं, याची दोन उत्तरं होती. एक मशीनचं आणि एक भिंतीलगतच्या बाकावर पर्स मांडीत घेऊन बसलेल्या त्यांच्या सुनेचं. मावशींनी मशीनचं सांगितलं. पाळणाघरात दोन कॅमेरे होते, एक मोठ्या खोलीत आणि एक बाहेरच्या पॅसेजमध्ये. दोघांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर मोठ्या खोलीतल्या फळीवर होता. दुपारी मुलं झोपली आणि खोली शांत झाली की त्याची घरघर फार मोठी वाटायची. शिवाय त्याचा तो लाल दिवा! एक पोरगा त्या दिव्याला बघून भोकाड पसरायचा. म्हणून मावशी रोज दुपारी रेकॉर्डरवर एक जाड पांघरूण टाकायच्या. मुलं उठल्यावर काढायच्या. कधीकधी काढायचं राहून जायचं.

डिस्कवाल्याने कपाळावर हात मारला. "तुम्ही मशीनला झोपवायचात? आणि वर पांघरूण? मावशी, उबेनं पोरं वाढतात, डिस्क शिजते!"

"आता मला काय माहीत?"

"आणि बंद पडल्यावर? बंद-चालू, बंद-चालू करून बघितलंत ना?"

"बघितलं की. नुसती टकटक करायची."

"प्रत्येक टकटकीला आतल्या तबकडीवर ओरखडा पडत असतो. बरं, झालं ते झालं." त्याने डिस्क कानाजवळ धरून हलवली, जणू ती काही कुजबुजणार होती. "वाचणारी सुई गेलीय. अगदी याच जातीची दुसरी डिस्क मिळवायची, तिची सुई काढून हिच्यात घालायची. मग ही चालेल. एकदा चालेल, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. त्या एकदामध्ये जेवढं उतरवून घेता येईल तेवढं आपलं."

"आणि नाहीच चालली तर?"

"तर दुपटं घरी घेऊन जा."

 मावशींनी वळून सुनेकडे पाहिलं. सून खाली फरशीकडे बघत होती.

सुनेबद्दलचं उत्तर असं होतं. पाळणाघरात दोन वर्षांची एक मुलगी यायची. पायाला भिंगरी लागल्यासारखी हिंडायची, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं होतं. अजून धड बोलत नव्हती. त्या संध्याकाळी, मुलांना न्यायच्या गडबडीत, भिंगरीचे बाबा आले तेव्हा पोर तिथेच काम करणाऱ्या सुनेच्या मांडीवर किंचाळून रडत होती. एक हात नुसता लोंबत होता आणि त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. बाबांनी तिला तशीच उचलून डॉक्टरकडे नेलं. कोपर निखळलं होतं. डॉक्टरांनी एका हिसक्यात बसवलं, पोर लगेच खेळायला लागली, पण डॉक्टर म्हणाले, "पडून असं होत नाही. कुणीतरी हात धरून जोरात ओढलंय."

झालं. भिंगरीचे बाबा परत आले ते सगळ्या आईबापांच्या देखत सुनेकडे बोट दाखवत. "हिने ओढलं! हिच्याच मांडीवर होती पोर!" सून म्हणाली, "मी नाही ओढलं." त्यापुढे तिने अवाक्षर काढलं नाही. नेमका त्याच रात्री रेकॉर्डर बंद पडला. दुसऱ्याच दिवशी पाळणाघरांना परवाना देणाऱ्या कार्यालयातल्या तपासणीच्या बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, कॅमेऱ्याचं चित्रण दाखवा. नसेल तर डॉक्टरांचा शब्द आहे, वडिलांची तक्रार आहे. मग हिला पुन्हा कधी मुलांजवळ काम करता येणार नाही. तोवर सून मागच्या खोलीत. मुलांचे कपडे धुवायचे, घड्या घालायच्या, मुलांसमोर यायचं नाही.

मावशी चारचौघांत छाती पुढे काढून म्हणायच्या, "माझी सून मुंगीलाही धक्का लावायची नाही." पण मनात पाल चुकचुकत होतीच. त्याच आठवड्यात एका चावऱ्या पोरावर सून इतकी खेकसली होती की खोलीभर मुलं चिडीचूप झाली होती. मुलगा कामानिमित्त दूर, घरात या दोघीच, सुनेचं अलीकडे झोपेचं खोबरं झालेलं. माणूस आहे. एखाद्या क्षणी तोल जातो. मावशींनी या कामात उभी हयात घालवली होती, तोल गेलेली भली भली माणसं त्यांनी पाहिली होती. मात्र त्यांनी सुनेला एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारलं तर संशय घेतल्यासारखं होईल, असं त्यांना वाटे, आणि आपण सासू असून इतका समजूतदारपणा दाखवला याचं थोडं कौतुकही वाटे. उगाच माणसाला कशाला टोचायचं? डिस्क आहे ना, ती सांगेल.

पण डिस्क घेऊन निघायच्या सकाळी सून म्हणाली होती, "आई, राहू द्या ना ती डिस्क. जे व्हायचं ते होऊ दे."

"का गं?"

"असंच."

खाई त्याला खवखवे! मावशींच्या डोक्यात ते वाक्य आलं आणि त्यांनी ते लगेच मागे ढकललं. पण आलेलं वाक्य गेलं नाही. दार उघडताना, मुलांची तोंडं पुसताना, कुणाच्या पायात बूट घालताना ते डोक्यात वाजत राहिलं.

मग सुरू झालं वाट बघणं. सुनेवरचा आळ एव्हाना मावशींनी डिस्कवाल्यालाही सांगितला होता. डिस्कवाल्याला फोन केला की तो म्हणे, "शोधतोय. लग्नाला स्थळ शोधावं तसं शोधतोय. जात जुळते तर साल जुळत नाही, साल जुळलं तर कारखाना जुळत नाही." मावशी हसायचा प्रयत्न करत.  रोज एखादी आई नजर चुकवत यायची आणि म्हणायची, "मावशी, पुढच्या आठवड्यापासून याला आजीकडे ठेवतेय." पाळणाघर ओस पडत चाललं. जी मुलं उरली त्यांचे आईबाप दारातून आत मान घालून बघायचे, मागच्या खोलीतली बाई कुठे आहे ते. सून कपड्यांच्या घड्या घालत असायची. एकच झबलं ती पुन्हा पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालायची, हे मावशींनी पाहिलं. अपराध्याचं लक्षण की निरपराध्याचं, हे त्यांना ठरवता येईना. 

आणि मावशींना स्वतःचंच एक वेगळं भय वाटू लागलं होतं. डिस्क चालली नाही तर सून गेली. चालली, आणि त्यात सून पोरीचा हात पिरगाळताना दिसली, तर? तर ते चित्रण स्वतःच्या हाताने नेऊन तपासणीच्या बाईंना द्यायचं. मुलाला काय सांगायचं? रात्री जेवताना समोर कुणाचं तोंड बघायचं? कधीकधी त्यांना वाटे, डिस्क मेलीच असली तर बरं. मग लगेच त्या स्वतःलाच रागवत.

शेवटी एका सकाळी फोन आला. "जमलं स्थळ! सुई बसवलीय. तुमच्या समोरच चालू करतो. नंतर मला बोल नको."

"तू पण चल," मावशी सुनेला म्हणाल्या.

"मी कशाला, आई?"

"चल म्हणते ना."

मावशींना तिचा चेहरा बघायचा होता. चित्रण डोळ्यांसमोर आल्यावर तो कसा होतो ते. ही गोष्ट त्यांनी कुणापाशी कबूल केली नसती.

डिस्कवाल्याची खोली अरुंद होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पोट फाडलेली मशिनं, टेबलावर एक काचेची पेटी. त्या पेटीत हातमोजे घालून त्याने डिस्क उघडली होती. "धुळीचा एक कण आत गेला की खेळ खल्लास," तो म्हणाला, आणि मावशी नकळत श्वास रोखून उभ्या राहिल्या. आता डिस्क बंद करून वायरींना जोडलेली होती. त्याने बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग एक बारीक सूं असा आवाज. मावशींनी डोळे मिटले. टकटक येणार, आता येणार. आली नाही. सूं वाढत गेली आणि एका जागी स्थिरावली.

"उठली," डिस्कवाला हळूच म्हणाला. त्याची थट्टा कुठल्या कुठे पळाली होती. पडद्यावर एक हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. "आधी सगळं उतरवून घ्यायचं. बघायचं नंतर. जुन्या चित्रणापर्यंत हिची धावच पुरणार नाही, तुम्ही सांगितलेल्या त्या दिवसापासून सुरू केलंय."

पट्टी सरकत होती. मध्येच थांबली. सूं चा सूर बदलला, आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं. डिस्कवाला खुर्चीच्या टोकावर आला आणि कळफलकावर भराभर काही बडवत पुटपुटला, "इथून नको, तिकडून ये. तिकडून ये, बाई माझी." मावशींचा हात सुनेच्या हातावर पडला. सुनेचा हात थंडगार होता. तिने तो काढून घेतला नाही, पण उलटून धरलाही नाही. पट्टी पुन्हा हलली, रडतखडत, आजारी माणसाने जिना चढावा तशी. बऱ्याच वेळाने आत एक कट् असा आवाज झाला आणि सूं विरत गेली.

"गेली," डिस्कवाला म्हणाला. "आता पुन्हा उठायची नाही. पण बरंच देऊन गेली. बघू काय काय आलंय. कुठला कॅमेरा?"

"मोठ्या खोलीचा."

चित्र आलं. फिकट, मूक, मधूनच चौकोन चौकोन होऊन फुटणारं. मोठी खोली. कोपऱ्यात सून पाठमोरी बसून गाद्यांवरच्या चादरी काढत होती. दोन मुलं ठोकळे रचत होती. भिंगरी खोलीत नव्हतीच. सून चादरी काढतेय, काढतेय. एका पोराचं नाक पुसते, पुन्हा चादरी, मध्येच मान वळवून फाटकाकडे बघते. मावशींचे डोळे पडद्याला चिकटले होते. आता. आता काहीतरी होणार. मग चौकटीच्या कडेने भिंगरी आत आली. तोंड उघडं, डोळे मिटलेले, रडणं आवाजाविनाही ऐकू यावं असं. सून चादर टाकून उठली, तिच्याकडे धावली, दोन्ही हात काखेत घालून तिला उचललं, मांडीवर घेतलं, थोपटू लागली. थोपटतच राहिली. मग भिंगरीचे बाबा आले.

"संपलं," डिस्कवाला म्हणाला. "अहो, हिने काहीच केलेलं नाही! पोरगी रडत रडतच आत आलीय."

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "बघितलंस? बघितलंस ना? मी म्हणतच होते!" त्यांना सुनेला कुशीत घ्यावंसं वाटलं, त्या बाबाच्या तोंडावर हे चित्र नेऊन मारावंसं वाटलं. डोळ्यांना पदर लावत त्यांनी सुनेकडे पाहिलं.

सुनेच्या चेहऱ्यावर सुटकेचा लवलेश नव्हता. ती म्हणाली, "झालं ना, आई? चला आता. एवढं पुरे."

"थांबा की," डिस्कवाला म्हणाला. आता तोही रंगात आला होता. "रडं बाहेर सुरू झालंय म्हणजे ओढणारा बाहेरच होता. पॅसेजचा कॅमेरा आलाय बघा, अख्खा नाही, पण ती वेळ आलीय."

"नको," सून म्हणाली.

"नको काय? लाव रे बाबा," मावशी म्हणाल्या. त्यांना खात्री होती, कुणीतरी आईबापांपैकी असणार. त्या बाबाचीच करणी असली तरी नवल नाही.

पॅसेज. बुटांची फळी, दप्तरांच्या खुंट्या, आणि पॅसेज व मोठ्या खोलीच्या मध्ये ते गुडघ्याच्या वर येणारं लाकडी फाटक. फाटकापाशी भिंगरी उभी होती, न्यायच्या गडबडीत आतून निसटून बाहेर आलेली. तिकडून मोठ्या मावशी आल्या. एका हातात कुणाचंसं दप्तर, फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला. फाटकाची कडी घट्ट होती, उघडायला दोन हात लागत, आणि मावशींचे दोन हात एका वेळी कधी रिकामे नसत. त्यांनी फोनवर बोलता बोलता भिंगरीचं मनगट धरलं, तिला एका हाताने वर उचललं, फाटकावरून पलीकडे नेलं आणि सोडलं. बाजारातून आलेली पिशवी ओट्यावर ठेवावी तसं. मग त्या वळल्या आणि बोलत बोलत चित्रातून निघून गेल्या. फाटकापलीकडे भिंगरीने तोंड उघडलं.

"इथे पण काही नाही," डिस्कवाला निराशेने म्हणाला. "तुम्ही पोरीला आत सोडलंत, बस."

"पुन्हा लाव," मावशी म्हणाल्या.

त्याने पुन्हा लावलं. मनगट. वर. पलीकडे. भिंगरीचं सगळं वजन त्या एका लहानशा हातावर, आणि खाली उतरल्यावर तो हात तसाच लोंबता. मावशींना त्यातलं काहीएक आठवत नव्हतं. कसं आठवणार? वर्षानुवर्षं त्या मुलांना असंच फाटकावरून घेत आल्या होत्या. रोज दात घासल्याचं कुणाला आठवतं? फोनवर कोण होतं तेही आठवेना. त्या वेळी एकाच वेळी चार पोरं रडत असतात, पाचवं रडलं तर वळून कोण बघतं? डॉक्टरांचं वाक्य मात्र शब्दन् शब्द आठवलं.

डिस्कवाला नवी डिस्क जोडायला पाठ करून वाकला. मावशींनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांना कळलं, हिच्यासाठी यात नवीन काही नाही.

"तुला माहीत होतं?"

"चादर काढताना वळून बघितलं होतं. तुम्ही तिला उचलून ठेवलंत तेव्हा."

"मग बोलली का नाहीस? इतके दिवस त्या कपड्यांच्या ढिगात बसून राहिलीस... माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही, आई." सुनेचा आवाज चढला नाही. "मी बोलले असते तर लोक काय म्हणाले असते? अंगावर आलं तसं सासूवर ढकललं. तुम्हीसुद्धा तेच म्हणाला असता. मी वाट बघितली, तुम्ही एकदा तरी विचाराल म्हणून. तुम्ही विचारलं नाहीत. डिस्क दुरुस्तीला टाकलीत."

मावशी पडद्यावर थांबलेल्या फाटकाच्या चित्राकडे वळल्या. 

"काय द्यायचं?" डिस्कवाला मान न वळवता म्हणाला. "खोलीचं एकटं की दोन्ही? सुनेसाठी तसं खोलीचं पुरेसं आहे."

खरंच पुरेसं होतं. सून सुटत होती. पॅसेज कुणी मागितलाच तर म्हणता आलं असतं, डिस्क मेली, तेवढंच आलं. आणि हा माणूस सोडून कुणी बघितलं होतं? त्यालाही काही दिसलं नव्हतं. मावशींनी हा सगळा हिशेब एका क्षणात केला आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. आणि धीर सुटायच्या आत त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "भिंगरीचे बाबा? पाळणाघरातून बोलतेय. चित्रण मिळालं. हात मी ओढला होता. फाटकावरून उचलताना, एका हाताने. सून तिथे नव्हती, तिने फक्त पोरीला जवळ घेतलं. तपासणीच्या बाईंना मी आजच जाऊन सांगतेय. आणि तुम्ही हिला जे बोललात ते चारचौघांत बोललात, तेव्हा आता..." पलीकडून आवाज चढला. आता तो सगळा त्यांच्या वाट्याचा होता. मावशींनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. "हो," त्या म्हणाल्या. "हो. चूक माझीच."

फोन ठेवला तेव्हा सून दाराशी उभी होती, पर्स खांद्याला अडकवून, निघायच्या तयारीत. मावशी तिच्यापाशी गेल्या. माफ कर म्हणावं असं त्यांच्या मनात होतं, पण तो शब्द फार स्वस्त वाटला.

"त्या दिवशी काय झालं?" त्यांनी विचारलं. "मला सांग."

"आत्ता तर बघितलंत ना, आई."

"ते डिस्कनं दाखवलं. मी तुला विचारतेय."

 सुनेने पर्स खाली ठेवली, बाकावर बसली, आणि पहिल्या वाक्यालाच तिला रडू फुटलं.